दोन प्रती, एक ग्रंथ : खासगी जाळ्यातील साठवण-सर्व्हरांचा दोषशोध

१. विषयप्रवेश

हस्तलिखितांचे जतन म्हटले की पूर्वी कागद, शाई, वाळवी आणि दमट हवा यांचा विचार होत असे. आता त्यात संगणकीय साठवणीची भर पडली आहे. भारत सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मराठीपुरते बोलायचे तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासारख्या, मराठी प्रदेशाबाहेरच्या संग्रहांतही मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. अशा संग्रहांच्या अभ्यासकाला मूळ पोथीपेक्षा तिची संगणकीय प्रतच अधिक वेळा हाताळावी लागते. ती प्रत कोठे आणि कशी राहते, याविषयी त्याने उदासीन राहणे आता परवडणारे नाही.

प्रश्नाचे आकारमान साध्या गणिताने लक्षात येते. ए-४ आकाराचे एक पान दर इंचास ६०० बिंदू या घनतेने, रंगीत आणि संकोचन न करता टिपले, तर त्याची फाइल सुमारे १०० मेगाबाइटची होते. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या २०० पत्रांच्या पोथीची ४०० पृष्ठे सुमारे ४० गिगाबाइट जागा घेतात, आणि अशा हजार पोथ्यांना ४० टेराबाइट लागतात. एवढा संग्रह एकाच संगणकावर ठेवणे धोक्याचे असते. म्हणून तो अनेक सर्व्हरांच्या समूहावर ठेवतात आणि प्रत्येक फाइलच्या दोन किंवा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर राखतात. सर्व्हरांचे आपसातील दळणवळण संस्थेच्या सार्वजनिक जाळ्यापासून वेगळ्या, खासगी जाळ्यावर होते.

या मांडणीत दोष उद्भवला म्हणजे पहिला संशय डिस्कवर घेतला जातो. परंतु खासगी जाळ्यापुरत्या मर्यादित केलेल्या समूहात दोषाचे मूळ बहुधा डिस्कमध्ये नसून नाव आणि पत्ता यांच्या संबंधात असते. हा दोष लगेच प्रकट होत नाही. समूह वरवर सुरळीत चालत राहतो आणि आत दोन प्रतींमध्ये अंतर पडत जाते. ते अंतर कसे पडते, ते कोणत्या क्रमाने शोधावे आणि अखेरचा निर्णय यंत्राकडे का सोपवू नये, हे येथे ग्लस्टर या प्रणालीच्या आधारे मांडले आहे.

२. समूहाची रचना

ग्लस्टर ही मुक्त स्रोत प्रणाली आहे. ‘ग्नू’ आणि ‘क्लस्टर’ या दोन शब्दांच्या संयोगातून तिचे नाव बनले. आनंद बाबू पेरियासामी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि तिच्या विकासाचा मोठा भाग बंगळूरमध्ये झाला. २०११ मध्ये रेड हॅट कंपनीने ग्लस्टर कंपनी विकत घेतली. या प्रणालीवर आधारलेल्या आपल्या व्यापारी उत्पादनाचा आधार रेड हॅटने २०२४ च्या अखेरीस थांबविला. त्यामुळे ज्या संस्थांचे संग्रह अद्याप या प्रणालीवर आहेत, त्यांना दोषशोधाची जबाबदारी स्वतःकडे घेणे अधिकच आवश्यक झाले आहे.

ग्लस्टरमधील चार घटक ध्यानात घेतले म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल. पहिला घटक म्हणजे वीट. सर्व्हरवरील ज्या फोल्डरमध्ये फाइली प्रत्यक्ष राहतात, त्याला ग्लस्टरच्या परिभाषेत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात. दुसरा घटक व्यवस्थापक सेवा. ती प्रत्येक सर्व्हरवर चालते आणि २४००७ क्रमांकाच्या पोर्टवर चौकशी ऐकते. तिसरा घटक रचनापत्र, म्हणजे ‘व्हॉलफाइल’. कोणती वीट कोणत्या नावाच्या सर्व्हरवर आहे हे त्यात नोंदलेले असते. चौथा घटक दुरुस्तीसेवा. एखादी प्रत मागे पडली असेल तर तिला दुसरीच्या बरोबरीस आणणे हे तिचे काम. नेहमीच्या मांडणीत ती दर १० मिनिटांनी प्रलंबित कामांची यादी पाहते.

वाचक संगणक प्रथम व्यवस्थापक सेवेकडून रचनापत्र घेतो आणि नंतर त्यातील नावांनुसार प्रत्येक विटेशी स्वतः थेट संबंध जोडतो. लिहिताना तोच सर्व प्रतींवर लिहितो. म्हणजे रचनापत्रातील नावे ही समूहाची अंतर्गत बाब राहत नाही. समूहाशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक संगणकाला त्या नावांचा योग्य पत्ता लागावा लागतो.

खासगी जाळ्याचा आग्रह अनाठायी नाही. मूळ मांडणीत ग्लस्टरची वाहतूक सांकेतिक केलेली नसते आणि संग्रह जोडून घेणाऱ्याला पासवर्ड विचारला जात नाही. व्यवस्थापक सेवेपर्यंत आणि विटांपर्यंत जो पोहोचेल, त्याला संग्रह हाताळता येऊ शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे बसवितात. एक संस्थेच्या जाळ्याला जोडलेले असते, तर दुसऱ्याला १० पासून किंवा १९२.१६८ पासून सुरू होणारा, बाहेरून न पोहोचता येणारा पत्ता दिलेला असतो. ग्लस्टरने या दुसऱ्या कार्डावरच ऐकावे, असे व्यवस्थापक सेवेच्या मांडणीत लिहून ठेवता येते. दोषांची सुरुवात बहुधा येथून होते.

३. दोष लपतो कसा

दोन सर्व्हर आणि प्रत्येक फाइलच्या दोन प्रती, अशी सोपी मांडणी घेऊ. दोन्हींवरील व्यवस्थापक सेवा खासगी पत्त्यालाच बांधल्या आहेत. विटा सुरू आहेत, वाचन होते, लेखन होते, व्यवस्थापनाच्या आज्ञांना उत्तरे मिळतात. तक्रारीस जागा दिसत नाही.

परंतु प्रत्येक संगणकाला आणखी एक पत्ता असतो. १२७.०.०.१ हा तो पत्ता, आणि त्याचे नाव ‘लोकलहोस्ट’. संगणक या नावाने स्वतःलाच हाक मारतो. ग्लस्टरच्या अनेक आवृत्त्यांत दुरुस्तीसेवा सुरू होताना रचनापत्र मागण्यासाठी याच नावाने चौकशी करते. व्यवस्थापक सेवा केवळ खासगी पत्त्यावर ऐकत असल्याने लोकलहोस्टवरची हाक ऐकण्यास तेथे कोणीही नसते. दुरुस्तीसेवेला रचनापत्र मिळत नाही आणि ती बंद पडते. आज्ञांची देवघेव निराळ्या मार्गाने, सर्व्हरच्या अंतर्गत सॉकेटवरून होत असल्यामुळे आज्ञा मात्र चालू राहतात. विटाही आपापल्या सर्व्हरच्या नावाने, म्हणजे खासगी पत्त्यावरच, चौकशी करतात आणि त्यांना उत्तर मिळते. बंद पडते ती एकटी दुरुस्तीसेवा. तिची उणीव एरवी कोणाला जाणवत नाही.

आता सोमवारी दुसरा सर्व्हर देखभालीसाठी बंद केला, असे समजू. त्या दिवशी एका अभ्यासकाने आपल्या लिप्यंतराच्या फाइलमध्ये केलेल्या दुरुस्त्या पहिल्या सर्व्हरवरच लिहिल्या जातात. दुसऱ्याची प्रत मागे पडली आहे, अशी खूण पहिली प्रत स्वतःजवळ करून ठेवते. मंगळवारी दुसरा सर्व्हर परत येतो. दुरुस्तीसेवा चालू असती तर काही मिनिटांत दोन्ही प्रती एक झाल्या असत्या. तसे होत नाही. दरम्यान ती फाइल कोणी उघडत नाही. गुरुवारी पहिला सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो. अभ्यासक पुन्हा कामाला बसतो आणि त्याच्यापुढे दुसऱ्या सर्व्हरवरची जुनी प्रत येते. ती जुनी आहे हे त्या प्रतीला ठाऊक नसते, कारण तिच्या मागे पडल्याची नोंद तिच्यावर नसून पहिल्या प्रतीवर आहे आणि ती प्रत या क्षणी गैरहजर आहे. अभ्यासक जुन्या पाठावर नवे काम करतो. आता दुसरी प्रतही, पहिली मागे पडली आहे, अशी खूण करून ठेवते.

शुक्रवारी दोन्ही सर्व्हर एकत्र येतात तेव्हा प्रत्येक प्रत दुसरीला दोषी ठरवीत असते. या अवस्थेला ‘स्प्लिट-ब्रेन’ म्हणतात. मराठीत तिला प्रतींचा दुभंग म्हणता येईल. प्रणाली अशा फाइलचे वाचन नाकारते आणि अभ्यासकाला केवळ वाचन-लेखनातील त्रुटीचा संदेश दिसतो. तो पाहून डिस्क बिघडली असा समज होतो. वस्तुतः डिस्क धडधाकट असते. एका सेवेने चुकीच्या पत्त्यावर हाक मारली, त्याचा हा परिणाम असतो.

४. शोधाचा क्रम

दोष आढळताच सर्व्हर पुन्हा सुरू करणे, वीट रिकामी करून नव्याने भरणे किंवा समूह मोडून परत बांधणे हे उपाय प्रथम सुचतात. ते सर्वाधिक घातक होत. रिकामी केलेली वीट ही एखाद्या फाइलची एकमेव अद्ययावत प्रत असू शकते. म्हणून शोध पूर्ण होईपर्यंत प्रतींना हात लावू नये, हा पहिला नियम. शोध नावापासून सुरू करावा आणि पत्ता, दार या क्रमाने प्रतींपर्यंत यावे.

नाव : प्रत्येक सर्व्हरवर आणि प्रत्येक वाचक संगणकावर समूहातील प्रत्येक नावाचा कोणता पत्ता निघतो, ते तपासून कागदावर तक्ता करावा. सर्व ओळींत एकच खासगी पत्ता यावयास हवा. एका जागी जुना सार्वजनिक पत्ता राहून गेला असेल तर तो संगणक समूहाचे दार चुकतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींत आणखी एक खोच आहे. त्यांच्या नावांच्या तक्त्यात संगणकाचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्याला जोडलेले असते. त्यामुळे इतर सर्व्हर ज्या नावाने खासगी पत्त्यावर पोहोचतात, त्याच नावाने तो सर्व्हर स्वतःकडे पाहू लागला की भलत्या पत्त्यावर जातो. खासगी पत्त्याला बांधलेल्या सेवेकडून तेथे उत्तर मिळत नाही आणि त्या सर्व्हरची स्वतःची वीटच सुरू होत नाही. सोबत्यांची यादी दाखविणारी ‘पीअर स्टेटस’ ही आज्ञाही प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे द्यावी. ज्या सर्व्हरवरून समूह बांधला गेला, तो इतरांना नावाऐवजी नुसत्या पत्त्याने ठाऊक असणे संभवते. अशा वेळी दुसऱ्या सर्व्हरवरून त्याची नावानिशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

पत्ता : सेवा प्रत्यक्षात कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे, ते पाहावे. मांडणीच्या फाइलीतील लिखाण पुरावा म्हणून पुरेसे नाही. सर्व्हर सुरू होताना खासगी कार्ड जागे होण्यापूर्वीच ग्लस्टर सुरू झाले, तर बांधून घेण्यासाठी पत्ताच अस्तित्वात नसतो आणि सेवा बंद पडते. हाताने सुरू केली की ती चालते, म्हणून हा दोष दिवसा सापडत नाही. वीज जाऊन आल्यावर तो पुन्हा दिसतो. नेटवर्क पूर्ण उभे राहिल्यानंतरच ग्लस्टर सुरू व्हावे, अशी व्यवस्था करणे हा त्यावरील उपाय.

दार : २४००७ हे व्यवस्थापक सेवेचे पोर्ट. विटांची पोर्टे ४९१५२ पासून पुढे असतात. पूर्वी ती क्रमाने दिली जात. दहाव्या आवृत्तीपासून ती त्या पल्ल्यातून यादृच्छिक निवडली जातात. फायरवॉलमध्ये पहिली चार-पाच पोर्टेच मोकळी ठेवणाऱ्या संस्थेला आवृत्ती बदलल्यावर विटा एकाएकी नाहीशा झाल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे. तसेच सार्वजनिक जाळ्यावरील एखाद्या संगणकाला २४००७ वरून रचनापत्र मिळाले, तरी त्यातील नावे खासगी पत्त्यांची असल्याने विटांपर्यंत त्याला जाता येत नाही. अशा वाचकांसाठी खासगी जाळ्याला जोडलेला एक मध्यस्थ संगणक ठेवणे इष्ट. विटा बाहेर उघड्या करणे इष्ट नव्हे.

वहन : खासगी जाळ्यावर वेग वाढविण्यासाठी संदेशांचा कमाल आकार नेहमीच्या १५०० बाइटांऐवजी ९००० करण्याचा प्रघात आहे. मार्गातील एखाद्या स्विचवर तो बदल राहून गेला तर छोटे संदेश जातात आणि मोठे अडकतात. सोबत्यांची यादी दिसते, फोल्डर उघडतो, परंतु पोथीचे चित्र उमटत नाही. हे लक्षण आढळल्यास मोठ्या आकाराचा संदेश न तोडता पाठवून चाचणी घ्यावी. पलीकडचा सर्व्हर मौन झाल्यावर वाचक संगणक मूळ मांडणीनुसार ४२ सेकंद वाट पाहतो, हेही ध्यानात ठेवावे. पाऊण मिनिटाची स्तब्धता हे बहुधा जाळ्यातील खंडाचे चिन्ह असते.

प्रत : एवढे झाल्यावर प्रतींकडे वळावे. ‘व्हॉल्यूम स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरात विटांच्या ओळींखाली दुरुस्तीसेवेची ओळ असते. घाईत ती वाचली जात नाही. वर वर्णिलेल्या दोषाचा एकमेव उघड पुरावा तेथेच असतो. त्यानंतर ‘हील इन्फो’ या आज्ञेने प्रलंबित फाइलींची यादी घ्यावी आणि दुभंगलेल्या फाइलींची यादी निराळी करावी. पहिल्या यादीतील फाइली दुरुस्तीसेवा सुरू होताच आपोआप सुधारतात. दुसऱ्या यादीतील फाइली कोणी निर्णय देईपर्यंत तशाच राहतात.

दुरुस्तीसेवेच्या दोषावर सर्वांत निर्धोक उपाय हा, की व्यवस्थापक सेवेला एका पत्त्याशी बांधण्याचा आग्रह सोडावा आणि मर्यादा फायरवॉलने घालावी. सेवा लोकलहोस्टसह सर्व पत्त्यांवर ऐकेल, परंतु बाहेरच्या कार्डावरून येणारी चौकशी फायरवॉल दारातच थोपवील. हेतू तोच साधतो आणि घरातली हाक घरात ऐकू येते. लोकलहोस्ट हे नावच खासगी पत्त्याला जोडून देण्याची युक्ती मात्र करू नये. त्या नावावर विसंबून असलेले इतर कार्यक्रम तिच्यामुळे बिघडू शकतात.

५. निर्णय कोणाचा

दुभंगलेल्या फाइलीसाठी ग्लस्टर तीन सोयी देते : मोठी प्रत ग्राह्य धरावी, नंतर बदललेली प्रत ग्राह्य धरावी, किंवा सांगितलेल्या विटेवरील प्रत ग्राह्य धरावी. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे पर्याय अपरिचित नाहीत. दीर्घ पाठ, अर्वाचीन प्रत आणि नियुक्त आदर्श प्रत यांचाच हा वाद होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांनी दाक्षिणात्य परंपरेचा विस्तृत पाठ आणि उत्तरेकडील आटोपशीर पाठ यांची तुलना केली. विस्तार ही प्रामाण्याची खूण नव्हे, हे त्यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत दाखवून दिले, आणि शारदा लिपीतील संक्षिप्त परंपरेला मोठे महत्त्व दिले.

संगणकीय प्रतींना हा विवेक तंतोतंत लागू पडतो. एखाद्या संपादकाने लिप्यंतरातून प्रक्षिप्त ओव्या वगळल्या असतील तर सुधारलेली फाइल लहान होते. मोठ्या प्रतीचा नियम लावल्यास वगळलेल्या ओव्या परत येतात आणि संपादकाचे काम पुसले जाते. नंतरच्या प्रतीचा नियमही भरवशाचा नाही. गुरुवारी जुन्या पाठावर केलेले काम वेळेने नंतरचे असले तरी सोमवारच्या दुरुस्त्या त्यात नाहीत. शिवाय वेळेची नोंद घड्याळावर अवलंबून असते. खासगी जाळ्यात कोंडलेल्या संगणकाला बाहेरील प्रमाणवेळ मिळण्याची सोय केली नसेल तर घड्याळे हळूहळू एकमेकांपासून दूर जातात, आणि आधीचे-नंतरचे हा क्रमच संशयास्पद होतो.

येथे चित्रे आणि मजकूर यांत भेद करावयास हवा. पोथीच्या पानाचे चित्र एकदा टिपल्यावर सहसा बदलत नाही. टिपतानाच त्याची एसएचए-२५६ पद्धतीची खूणसंख्या काढून स्वतंत्र नोंदवहीत ठेवली असेल, तर कोणती प्रत मूळची आहे ते यंत्र निःसंदिग्धपणे सांगू शकते. परंतु दुभंग चित्रांत क्वचितच होतो. तो होतो रोज हाताळल्या जाणाऱ्या फाइलींत, म्हणजे सूचीत, लिप्यंतरात, पाठभेदांच्या टिपणांत. अभ्यासकाचे श्रम याच फाइलींत असतात आणि त्यांच्यासाठी पूर्वनिश्चित खूणसंख्या असू शकत नाही.

आणखी एक अंतर याहून गंभीर आहे. चिकित्सक आवृत्तीत न स्वीकारलेला पाठ तळटीपेत राहतो. पुढच्या संपादकाला तो तपासून वेगळा निर्णय घेता येतो. संगणकीय दुरुस्तीत न स्वीकारलेली प्रत स्वीकारलेल्या प्रतीने झाकली जाते आणि मागे काही उरत नाही. म्हणून दुभंगलेल्या प्रत्येक फाइलीच्या दोन्ही प्रती, निर्णयापूर्वी, आपापल्या विटांवरून समूहाबाहेर उतरवून घ्याव्यात. त्यांवर सर्व्हराचे नाव आणि तारीख घालावी. मग ज्याचे ते काम आहे त्या अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. बहुतेक वेळा योग्य पाठ कोणत्याही एका प्रतीत सबंध सापडणार नाही. सोमवारच्या आणि गुरुवारच्या दुरुस्त्या एकत्र करून तिसरी प्रत सिद्ध करावी लागेल. दुभंगाचा निकाल आपोआप लावण्याची सोयही ग्लस्टरमध्ये आहे. ती मूळ मांडणीत बंद असते, आणि अशा संग्रहात ती बंदच ठेवावी.

६. समारोप

दोन प्रतींच्या समूहात वाद झाला तर बहुमत संभवत नाही. म्हणून तिसरी प्रत, अथवा केवळ नावे व नोंदी ठेवणारी साक्षी वीट जोडणे हिताचे आहे. पूर्ण तिसरी प्रत ठेवण्याची ऐपत नसलेल्या संस्थांसाठी २०१५ मध्ये ३.७ या आवृत्तीत ही साक्षी विटेची सोय आली. ४० टेराबाइटांच्या संग्रहालाही तिच्यासाठी त्या मानाने अत्यल्प जागा पुरते. तिच्यामुळे बहुमताविना लेखन होत नाही आणि दुभंग बहुतांशी टळतो. मात्र दुरुस्तीसेवा बंद असल्यास मागे पडलेली प्रत तीन विटांच्या समूहातही मागेच राहते.

म्हणून संस्थेने तीन गोष्टी लेखी ठेवाव्यात. नावे आणि खासगी पत्ते यांचा तक्ता सर्व्हरांबाहेर, कागदावर असावा. कोणताही सर्व्हर देखभालीसाठी बंद करण्यापूर्वी दुरुस्तीसेवा चालू आहे आणि प्रलंबित यादी शून्यावर आहे, याची खात्री करून सही करण्याची नोंदवही असावी. वरील उदाहरणात गुरुवारी एवढे केले असते तरी अभ्यासकाचे काम वाचले असते. आणि प्रतींत दुभंग आढळल्यास कोणत्या विषयाच्या फाइलीचा निर्णय कोणत्या अभ्यासकाने द्यावयाचा, त्याची यादी असावी. संगणक विभागाचे काम दोन्ही प्रती सुखरूप त्याच्यापुढे ठेवण्याचे आहे. त्यांतली कोणती ग्राह्य, हे ग्रंथ जाणणाऱ्यानेच ठरवावयाचे आहे.